माहीम कॉजवे, रात्री सव्वादोन

पंढरीची वारी करायची तर रजा लागते. आमची वारी एका रात्रीत होते. सोमवारी जेवून अंधेरीहून निघायचं, एस. व्ही. रोड धरायचा आणि मंगळवारी पहाटे प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहायचं. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. आमच्या चाळीतल्या मावशी वर्षानुवर्षं हे करतात. मी एकवीस मंगळवार बोललो होतो. कशासाठी ते सांगायचं नसतं.

हा माझा चौथा मंगळवार. मावशी नेहमीप्रमाणे अनवाणी, चपला पिशवीत. मी बूट घालून, आणि पार्ल्यापर्यंत त्याबद्दल थोडा ओशाळलेलाही. सांताक्रूझला बूट काढले. खारपर्यंत डाव्या टाचेवर फोड आला.

"काढायचे तर घरूनच काढायचे रे," मावशी म्हणाल्या. "मध्येच काढले की पाय रुसतात."

वांद्र्याच्या तलावापाशी चहा झाला. आमच्यासारखेच बरेचजण होते. कॉलेजची पोरं मोबाइलवर आरत्या लावून, एक नवराबायको झोपलेलं मूल आलटून पालटून खांद्यावर घेत. वांद्र्याची मशीद मागे पडली, दुकानांची शटरं संपली आणि नाकाला आधी कळलं की कॉजवे, खाडीवरचा रस्ता, आला. ओहोटी होती. चिखलाचा, खाऱ्या पाण्याचा आणि मिठी नदीनं अख्ख्या शहरातून वाहून आणलेल्या सगळ्याचा मिळून एक वास येतो, त्याला दुसरं नाव नाही.

दिवसा बसमधून हा पट्टा कधी आला नि कधी गेला कळतही नाही. चालताना कळतो. दोन्ही बाजूंच्या इमारती एकदम बाजूला होतात आणि अंगावर वारा येतो. डावीकडे रेल्वेचा पूल, त्यापलीकडे बीकेसीतल्या ऑफिसांचे दिवे. उजवीकडे अंधार, आणि त्यात लांबवर सी लिंकच्या, समुद्रावरच्या पुलाच्या, तारा उजळलेल्या. कठड्याला हात लावला तर दमट, चिकट. जीभ लावली असती तर खारटच लागला असता. खाली पाणी दिसत नव्हतं, नुसता ओला काळा चिखल चकाकत होता आणि त्यात कसलीतरी बारीक टुपटुप चालली होती. खेकडे असावेत.

इथं आधी रस्ता नव्हता, हे त्या वासात उभं राहिलं की पटतं. माहीम हे मुंबईच्या सात बेटांतलं एक. पलीकडे वांद्रे, साष्टीवर. मधली खाडी होडीनं ओलांडायची, आणि पावसाळ्यात त्या होडीचा भरवसा नाही. (साष्टी म्हणजे तरी काय, तेही बेटच. खरी मुख्य जमीन ठाण्याच्या खाडीपलीकडे. आम्ही उपनगरवाले 'मुंबईत जातो' म्हणतो तेव्हा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात असतो.) सिद्धिविनायकाचं देऊळ 1801 चं. म्हणजे देऊळ झालं तेव्हा वांद्र्याहून सरळ चालत बाप्पाकडे जाता येत नव्हतं.

कॉजवे झाला 1845 च्या सुमारास. कंपनी सरकारनं पैशाला नकार दिला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी 1,57,000 रुपये दिले. त्या काळचे. अट एकच: या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. माहीमचा लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा. आपण त्याला एल. जे. रोड करून टाकला आणि बाई त्यातून गायब झाल्या.

मी हे मावशींना सांगितलं. त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं, सी लिंककडे बोट केलं.

"आणि तिथं?"

"तिथं टोल आहे. आणि चालत जाऊच देत नाहीत."

"म्हणजे आपल्याला हाच."

एवढं म्हणून त्या पुढे निघाल्या. मी मात्र उजवीकडे बघत लंगडत राहिलो. 2009 साली तो पूल सुरू झाला तेव्हा मीही कौतुकानं गाडीतून जाऊन आलो होतो. समुद्रावरून गेलो खरा, पण काचा वर होत्या. वास आला नव्हता.

कॉजवे संपतो तिथं माहीमचं चर्च. इथं बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला रांगा लागतात. थोडं पुढे मखदूम शाह बाबांचा दर्गा. मावशींनी दोन्हीकडे हात जोडले, चालण्याचा वेग न मोडता. त्यानंतरचा सावरकर मार्ग मला फारसा आठवत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दहा मिनिटं बसलो, तिथून उठणं हाच त्या रात्रीचा सगळ्यात मोठा नवस होता.

दर्शन झालं. नेहमीप्रमाणे दोन सेकंदांचं. जे बोलायचं ठरवलं होतं ते आठवेपर्यंत पुढे सरकवलं गेलो.

बाहेर आलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. टाचेचा फोड फुटला होता, म्हणून परतीला टॅक्सी केली. मावशींनी पिशवीतून चपला काढून पायात घातल्या, मागे टेकल्या आणि डोळे मिटले.

"सी लिंकनं घेऊ का?" टॅक्सीवाल्यानं विचारलं. "टोल तुमचा."

मी खिसा चाचपत होतो.

"कॉजवेनं घे रे," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. "आणि काच खाली कर."