यकृतातल्या चरबीचा फॅन्टम: अगार आणि घाण्याचं तेल

एमआरआयवर यकृताची चरबी टक्क्यांत मोजायची, तर ज्यातलं चरबीचं प्रमाण आधीच माहीत आहे असं काहीतरी यंत्रात ठेवून बघायलाच हवं. त्यालाच फॅन्टम म्हणतात; इथे तो म्हणजे अगारच्या (समुद्री शेवाळापासूनच्या) जेलमध्ये तेल मिसळून भरलेल्या बरण्या. शेंगदाणा तेल इथे चांगलं चालतं, कारण त्याचा सिग्नल शरीरातल्या चरबीशी बराच जुळतो. खान्देशात ते गावोगावच्या घाण्यावर मिळतं. फक्त सरकीची भेसळ नसावी, आणि सगळ्या बरण्या एकाच डब्यातल्या तेलाच्या असाव्यात.

एक लिटर, 20 टक्के चरबी: डिस्टिल्ड वॉटर 800 मिली, अगार 16 ग्रॅम, निकेल क्लोराइड हेक्झाहायड्रेट 380 मिलीग्रॅम, सोडियम डोडेसिल सल्फेट (तेल-पाणी मिसळवणारा साबणासारखा पदार्थ) 10 ग्रॅम, सोडियम बेन्झोएट (टिकवण्यासाठी) 1 ग्रॅम, तेल 200 मिली. निकेल टी-वन (पाण्याचा सिग्नल पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) खाली आणतं, अगार टी-टू (तो विरायला लागणारा वेळ). 2 टक्के अगारला टी-टू साधारण 50 मिलीसेकंद येतो, म्हणजे यकृताच्या जवळपास. अगार म्हणून किराणा दुकानातला चायना ग्रास घेऊ नका, त्याची शुद्धता दर वेळी वेगळी. बोअरचं पाणीही नको: त्यातलं कॅल्शियम डोडेसिल सल्फेटला धरून साका बसवतं आणि मग तेल पाण्यात मिसळत नाही. निकेल विषारी आहे. तोलताना हातमोजे आणि मास्क हवाच.

अगार थंड पाण्यात भुरभुरून भिजवा, मग ढवळत 90-95 अंशांपर्यंत न्या. पारदर्शक झालं की बीकर पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं तेवढं गरम पाणी परत घाला, नाहीतर टक्केवारीच चुकते. डोडेसिल सल्फेट त्यानंतरच, आधी घातलं तर फेस उतू जातो.

खरी कसोटी तेल घालताना. मिश्रण आणि तेल दोन्ही 50-55 अंशांवर हवीत. थंड तेल पडलं की अगार जागच्या जागी गोठतं आणि गुठळ्या होतात. बारीक धारेनं तेल सोडा, स्टररचा भोवरा उथळ ठेवा, कारण खोल भोवरा हवा ओढतो आणि प्रत्येक बुडबुडा चित्रात काळा डाग बनून येतो. लगेच ओतायची घाई नको. पातळ असताना ओतलं तर तेल वर चढतं आणि एकाच बरणीत खाली 15, वर 25 टक्के असं काहीतरी निघतं. मिश्रण 42-45 अंशांवर दाटायला लागलं की बरणी काठोकाठ भरा आणि झाकण लावा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर जातो. त्या उन्हात गाडीतून नेलं तरी जेल वितळत नाही, ते 85 अंशांच्या आसपासच वितळतं. अडचण निराळी आहे. दर अंशाला पाण्याच्या सिग्नलची वारंवारता सुमारे 0.01 पीपीएम (दशलक्षांश) सरकते, चरबीची जवळजवळ नाही. 20 अंशांचा फरक म्हणजे 0.2 पीपीएम, आणि पाणी-चरबीतलं एकूण अंतर जेमतेम 3.5; ते बदललं की चरबीचा आकडाही चुकू शकतो. त्यामुळे फॅन्टम रात्रभर स्कॅनरच्याच खोलीत ठेवा. बाहेरून गार लागला तरी आत गरम असतो. फ्रीजरमध्ये मात्र कधीच नको: गोठलं की जेल फाटतं आणि पाणी सुटतं.

सोबत तेल न घातलेली एक बरणी आणि नुसत्या तेलाची एक, अशा दोन्ही दर वेळी स्कॅन करा.