'फान दे काप'चं माहेर

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा उत्तर सोबत घेऊनच येतं. आम्ही त्या उत्तराला साजेसे कागद शोधून द्यायचे, एवढीच त्याची अपेक्षा.

केप टाउनमध्ये मी लोकांच्या वंशावळी शोधून देते. पुण्यात आधी मोडी शिकले. मग आजोळच्या वेंगुर्ल्यातल्या डच वखारीचे कागद वाचता यावेत म्हणून जुनी डच शिकले. वखारीवर लिहायचं होतं ते राहिलंच, पोट मात्र त्या लिपीवर भरतंय.

त्या मंगळवारी ओम आले. इथल्या आफ्रिकान्स भाषेत 'ओम' म्हणजे काका, कुठल्याही वडीलधाऱ्याला म्हणायचं. (पहिलं वर्षभर मला दर वेळी मंत्र म्हटल्यासारखं वाटायचं.) सत्तरी ओलांडलेले, फ्रान्सहुकच्या बाजूचे द्राक्षबागायतदार. त्यांचं आडनाव इथे लिहीत नाही. त्यांचे मूळपुरुष ह्यूगेनो, म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट. 1685 मध्ये चौदाव्या लुईने धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केला आणि ही माणसं मिळेल त्या वाटेने देश सोडून पळाली. त्यांतली दोनशेच्या आसपास 1688-89 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून केपला उतरली. कंपनीने जमिनी दिल्या, पण डच शेतकऱ्यांच्या मध्ये मध्ये, म्हणजे फ्रेंचांचा गट जमायला नको. दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली. आडनावं राहिली तीही डच जिभेवर घासून: व्हियोंचे फिल्युन झाले, क्रोनियेचे क्रोन्ये, पिनारचे पिनार्.

ओमना कुटुंबाच्या मेळाव्यासाठी मोठा वंशवृक्ष छापायचा होता. निमंत्रणपत्रिका तयार होती. तिच्यावर फ्रान्सहुकच्या ह्यूगेनो स्मारकाचं चित्र: तीन कमानी, समोर एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात तुटलेली साखळी घेतलेली स्त्री. वृक्षही जवळजवळ तयारच होता, इथल्या रूढ पद्धतीने अक्षर-आकडे घातलेला. मूळपुरुष ए, त्याची मुलं बी1, बी2, नातवंडं सी. भोक एकच होतं. सी पिढीतल्या त्यांच्या पूर्वजाची बायको 'फान दे काप', तिचे आईबाप नाहीत.

"डच घराणं असणार," ओम म्हणाले. "हॉलंडमधलं त्यांचं गाव तेवढं शोधून दे."

मी वहीत बघत राहिले. हे काम करणाऱ्याला पहिल्या महिन्यातच कळतं की 'फान दे काप' हे आडनाव असेलच असं नाही. केपला आणलेल्या गुलामांना आडनाव नसे. नावापुढे ते कुठून आले ते लिहीत: फान बेंगाले, फान मलबार, फान मादागास्कर. आणि इथेच गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल 'फान दे काप', केपचं. पण कागद हातात नसताना असलं काही बोलायचं नसतं. बघते म्हणाले.

आमचं पुराभिलेखागार रूलांड स्ट्रीटवर, जुन्या तुरुंगाच्या जागेवर आहे. आत फक्त शिसपेन्सिल न्यायची. कुणी अज्ञान वारस मागे ठेवून गेला की कंपनीचं अनाथमंडळ घरी येऊन चमच्यापर्यंत यादी करी. त्या याद्या म्हणजे माझा खजिना. लग्नाची नोंद आधीच मिळाली होती, आणि त्या बायकोच्या गुलामीतून मुक्ततेचा कागदही. त्यात तिच्या आधीच्या मालकाचं नाव होतं. तेव्हा त्याच्या मळ्याची यादी काढली. स्वयंपाकघरात तांब्याच्या किटल्या, तळघरात दारूची पिंपं, गोठ्यात बैल, शेवटी घोडा. मग रेघसुद्धा न मारता माणसं सुरू. पुरुष सहा. मग एक बाई, ख्रिस्ती नाव, 'फान मलबार'. खाली 'आणि तिचं मूल', मुलीचं नाव. तेच नाव. दोघींची मिळून रिक्सडॉलरमध्ये किंमत. माणसांच्या वरची ओळ घोड्याची होती.

मी याद्या रोज वाचते. 'फान बेंगाले' इतक्या वेळा नजरेखालून गेलंय की डोळा अडत नाही. त्या दिवशी मात्र पेन्सिल खाली ठेवून बाहेर गेले आणि चहा प्यायले. का ते नीट सांगता येणार नाही. मलबार काही माझं गाव नाही. पण वेंगुर्ल्याहून निघालेलं गलबत त्याच किनाऱ्याने खाली जायचं.

एक गोष्ट परत येताना आठवली. ह्यूगेनोंना जमिनी मिळाल्या त्या ड्राकेनस्टाइन खोऱ्याला नाव पडलं ते हेंड्रिक फान रेडे याच्या जहागिरीवरून. हा आधी कोचीनला कंपनीचा कमांडर होता, मलबारच्या झाडापाल्यावरचा बारा खंडांचा ग्रंथ त्यानेच करवून घेतला. 1685 मध्ये तो केपला तपासणीला आला आणि नियम घालून गेला: गोऱ्याने अस्सल गुलाम बाईशी लग्न करू नये, बाप गोरा असलेली असेल तर चालेल. 1691 मध्ये मुंबईजवळ जहाजावर वारला, सुरतेत पुरला. तिथलं त्याचं थडगं महालासारखं आहे. म्हणजे मलबारी आईचं लग्न त्याच्या नियमात बसत नव्हतं, मुलीचं बसलं. बाप कोण, ते यादीत नाही. असत नाहीच.

गुरुवारी ओमपुढे नकला ठेवल्या. ओळ वाचून दाखवली, घोड्याच्या ओळीपासून. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचायला लावली. मग निमंत्रणपत्रिका उलटी करून ठेवली. मला वाटलं, आता पैसे देऊन उठतील. तसे उठलेले मी पाहिलेत.

"हिला नंबर कुठला?" त्यांनी विचारलं.

नंबर नाही, म्हणाले. नंबर मूळपुरुषाच्या वंशाला. सुनांना नाही, सुनांच्या आयांना तर नाहीच. सांगताना आमच्या घरचा कुलवृत्तांत डोळ्यापुढे आला. माझ्या खापरपणजीपुढे सासरचं नाव आहे आणि 'माहेर' या शब्दापुढे एक आडवी रेघ. तिची खरी नोंद नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडेल म्हणून बाबा दोनदा जाऊन आले होते.

ओमनी माझी पेन्सिल घेतली आणि छापायच्या नकलेवर त्या सुनेच्या वर एक चौकोन काढला, हात थरथरत असल्यामुळे वाकडा. त्यात मलबार लिहिलं. 'एल' एक की दोन, विचारलं.

"एक," मी म्हणाले. "पण ओम, एक ओळ वाढली की कागद लांब करावा लागेल. छपाईवाला जास्त घेईल."

"किती?"

मी आकडा सांगितला. त्यांनी थोडी घासाघीस केली आणि शुक्रवारपर्यंत मिळेल का विचारलं.