घरी शिटाके: पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत

धिंगरी अळिंबी पिकवणाऱ्याला एक सवय लागलेली असते: पेंढ्याची पिशवी बुरशीच्या जाळ्याने पांढरी झाली की ती उघडायची. शिटाके या अळिंबीला ही सवय चालत नाही. पिशवी पूर्ण पांढरी होते तेव्हा शिटाकेचं जेमतेम अर्धं काम झालेलं असतं. खरा कस त्यानंतरच्या आठवड्यांत लागतो, म्हणून या अनुभवात मी त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

मी धान्याचा स्पॉन, म्हणजे धान्यावर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं, घेतला. त्यातला प्रत्येक दाणा म्हणजे बुरशीच्या वाढीची एक स्वतंत्र सुरुवात असते आणि दाण्यात पोषणही भरपूर असतं, त्यामुळे भुशात जाळं लवकर पसरतं. पण तेच धान्य इतर बुरशींनाही आवडतं. बाहेर उघड्यावर ओंडक्यांत शिटाके लावणारे म्हणूनच भुशाचा किंवा लाकडी खुंट्यांचा स्पॉन वापरतात. घरात, बंद पिशवीत धान्याचा स्पॉन उत्तम. स्पॉनची पिशवी वापरण्याआधी मी तिचा वास घेते. ताज्या अळिंबीचा वास आला तर ठीक. आंबूस किंवा दारूसारखा वास असेल तर तो स्पॉन बाजूला.

शिटाके मुळात मेलेल्या लाकडावर वाढणारी. भुसा रुंद पानांच्या झाडांच्या कठीण लाकडाचाच हवा. चीड-देवदारासारख्या राळ असलेल्या लाकडाचा नको. प्लायवुडचा किंवा पॉलिश केलेल्या लाकडाचा तर अजिबात नको, कारण त्यातली रसायनं शेवटी आपल्याच ताटात येतात. कोरड्या वजनाने साधारण ८५ भाग भुसा, १५ भाग गव्हाचा कोंडा आणि अगदी थोडं जिप्सम असं मिश्रण मी केलं. एक किलो मिश्रणाला १.३ ते १.४ लिटर पाणी लागतं. भुसा आधीच ओलसर असेल तर कमी. मूठ घट्ट आवळल्यावर दोन-चार थेंब यावेत, धार लागू नये.

कोंडा घातला की नुसत्या गरम पाण्याने भागत नाही. धिंगरीचा पेंढा गरम पाण्यात भिजवून चालतो, कारण ती झपाट्याने वाढते आणि इतरांना जागाच देत नाही. शिटाके संथ आहे, तिला स्पर्धक नसलेलं घर लागतं. फिल्टर लावलेल्या, उष्णता सोसणाऱ्या पिशव्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये १५ पौंड दाबावर, म्हणजे १२१ अंश सेल्सिअसला, अडीच तास ठेवल्या. तळाशी जाळी ठेवली आणि इतका वेळ पुरेल एवढं पाणी आधीच घातलं. पिशव्या कुकरमध्येच रात्रभर निवू दिल्या. गरम भुशात स्पॉन टाकला तर तो मरतो.

स्पॉन मिसळताना पंखा बंद, खिडक्या बंद, हात घालायला दोन भोकं पाडलेला पारदर्शक खोका, आणि हातांवर ७० टक्क्यांचं अल्कोहोल. त्याहून तीव्र अल्कोहोल लगेच उडून जातं आणि जंतूंवर नीट कामही करत नाही. दोन किलोच्या पिशवीला १०० ते २०० ग्रॅम स्पॉन पुरतो. मी वरच्या मर्यादेला राहिले, कारण जाळं जितक्या लवकर पसरेल तितकी हिरव्या बुरशीची संधी कमी. पिशवी बंद करून दाणे सगळीकडे पोहोचतील अशी हलवली.

मग २२ ते २५ अंशांची जागा. वाढणारी बुरशी स्वतःही उष्णता सोडते, म्हणून पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या नाहीत. काही आठवड्यांत भुसा पांढरा झाला. त्यानंतर पृष्ठभागावर फुगीर गाठी उठल्या, पिशवीच्या तळाशी पिवळसर-तपकिरी पाणी साचलं आणि पांढऱ्यावर तांबूस डाग पडू लागले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे सगळं सडल्यासारखं वाटतं. पण हीच पक्व होण्याची खूण आहे. बुरशी स्वतःभोवती झाडाच्या सालीसारखं तपकिरी आवरण तयार करत असते. ते ओल धरून ठेवतं आणि परक्या बुरशींना आत येऊ देत नाही. या काळात खोलीत मंद उजेड हवा. मिट्ट अंधारात हा रंग नीट चढत नाही.

बिघाड वेगळा दिसतो. ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशीसुद्धा आधी पांढरीच असते, पण लवकरच भुकटीसारखी होऊन गडद हिरवी पडते. फिल्टरजवळ आंबट कुबट वास आला तर जिवाणू आलेत असं समजावं. माझ्या एका पिशवीच्या कोपऱ्यात हिरवा डाग दिसला. ती न उघडताच घराबाहेर नेली, म्हणजे बीजाणू खोलीत उडाले नाहीत. बाकीच्या पिशव्यांना मी हात लावला नाही. स्पॉन टाकल्यापासून पिशवी तयार व्हायला जातीनुसार दोन ते चार महिने लागतात. पृष्ठभागाचा बहुतेक भाग तपकिरी होऊन गाठी दाबल्यावर किंचित मऊ लागेपर्यंत थांबायचंच.

मग प्लास्टिक पूर्ण काढलं. पहिल्या बहराला आतलं पाणी पुरेसं असतं. हवा असतो तो थंडावा. भुशाचे घट्ट झालेले ठोकळे १२ ते १८ अंशांच्या जागेत हलवले, तळहाताने दोन-चार थापा दिल्या आणि भोवती ८५ ते ९० टक्के आर्द्रता राहील असं पाणी फवारत राहिले. साल फोडून बारीक पिनहेड, म्हणजे अळिंबीचे इवले कोंब, बाहेर आले. ते फारच दाटीने आले होते, म्हणून काही कापून टाकले. उरलेले जाड झाले. हवा खेळती नसेल तर कार्बन डायऑक्साइड साचून दांडे लांबतात आणि छत्री बारीक राहते. कोंब मोठे झाल्यावर हवा थोडी कोरडी ठेवली तर छत्रीला भेगा पडतात. चीन-जपानमध्ये अशा जाड, भेगाळलेल्या शिटाकेला विशेष मान आहे आणि चवीत तो मला पटतो.

छत्रीची कड आत वळलेली असतानाच कापणी करावी. शिटाके कच्ची किंवा अर्धी कच्ची खाऊ नये. तिच्यातल्या लेंटिनान या घटकामुळे काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखं पुरळ येतं. जपानमध्ये १९७७ साली त्याची पहिली नोंद झाली. नीट शिजवल्यावर हा धोका सहसा राहत नाही. चिवट दांडे मी फेकत नाही, त्यांचं सार करते. वाळवायच्या अळिंब्या खालची पापुद्र्यांची बाजू वर करून उन्हात ठेवते, त्यामुळे त्यांच्यातलं ड जीवनसत्त्व खूप वाढतं.

कापणीनंतर ठोकळ्याला दोन-तीन आठवडे विश्रांती. आता मात्र तो हलका झालेला असतो, कारण अळिंबी म्हणजे बहुतांश पाणीच. त्याला वजन ठेवून थंड पाण्यात १२ ते २४ तास बुडवला की दुसरा बहर येतो. प्रत्येक बहराला उत्पन्न घटत जातं. ठोकळा भुसभुशीत होऊन हाताने मोडू लागला की मी तो चुरून खताच्या खड्ड्यात टाकते.