दोन माइकवर ध्वनिमुद्रित झालेला आमचा पहिला अल्बम

आमच्या तिघांच्या पोस्ट-पंक (पंक रॉकमधून पुढे आलेली संगीतशैली) बँडने पहिला अल्बम स्वतःच ध्वनिमुद्रित करायचे ठरवले, तेव्हा नऊ गाणी तयार होती आणि हाताशी एक लॅपटॉप, माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा, पण एका वेळी दोनच माइक घेणारा ऑडिओ इंटरफेस आणि मित्राने दिलेले दोन माइक एवढेच होते. बेस गिटार, गिटार आणि गायन ठाण्यात वर्तकनगरच्या माझ्या घरी, खिडकीवर गोधड्या बांधून, पार पडले. खरी अडचण ड्रमची होती. निवासी इमारतीत तासन्‌तास ड्रम वाजवणे शेजाऱ्यांवर अन्याय करणारे ठरले असते.

ड्रम मशीन वापरावे, असेही काहींनी सुचवले. वेल्समधील यंग मार्बल जायंट्स या बँडच्या १९८० च्या अल्बममध्ये ड्रमवादक नव्हताच, ठेका यंत्राचा होता, आणि त्या संगीतातली मोकळी जागा मला अतिशय प्रिय आहे. परंतु आमची ड्रमवादक मैत्रीण कडव्याच्या शेवटी किंचित पुढे धावते आणि आमची गाणी त्या धावण्यावरच उभी आहेत. ते मला गमवायचे नव्हते.

अखेर ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतील एका परिचितांनी त्यांचा गाळा सुट्टीच्या दिवशी वापरायला दिला. जुलैत आम्ही टेम्पोने ड्रम तेथे नेले, आणि पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाने दोन्ही रविवारी एकही टेक (ध्वनिमुद्रणाचा प्रयत्न) धड होऊ दिला नाही. दसऱ्यानंतर पुन्हा गेलो. एक माइक पायाने वाजवायच्या बेस ड्रमपुढे आणि दुसरा वादकाच्या डोक्यावर, अशी मांडणी केली. वाजवताना सारे उत्तम भासले, मात्र घरी दोन्ही माइकचे ट्रॅक एकत्र ऐकले तेव्हा बेस ड्रम पोकळ झाला होता. ध्वनीला एक मीटर अंतर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे तोच ठोका दोन माइकपर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो आणि त्या दोन लहरी काही ठिकाणी एकमेकींना खोडून काढतात. हे कळायला मला तीन रात्री लागल्या. वरच्या माइकचा उशिरा पोहोचणारा ट्रॅक तेवढाच आधी आणल्यावर ठोका भरीव झाला, आणि त्या क्षणी अल्बम होणार याची मला प्रथमच खात्री वाटली.

मिक्सिंगमध्ये, म्हणजे सर्व ट्रॅक एकत्र जुळवताना, बेस गिटारचा आवाज सर्वांत पुढे ठेवला, कारण आमच्या गाण्यांची चाल तोच वाहतो. गिटार बारीक आणि कोरडी ठेवली. गाळ्यातल्या पत्र्याचा घुमणारा आवाज ड्रमवर राहिला आहे, तो मी मुद्दाम काढला नाही. ऑनलाइन प्रकाशनाचे सोपस्कार त्यामानाने लवकर आटोपले. मुखपृष्ठावरचे देवनागरी नाव अर्जातल्या रोमन नावाशी जुळत नाही म्हणून अर्ज एकदा परत आला, एवढेच.

लंडनच्या स्क्रिटी पॉलिटी या बँडने १९७८ मध्ये आपल्या पहिल्या सिंगलच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रणापासून छपाईपर्यंतचा खर्च छापला होता, जेणेकरून ऐकणाऱ्याला आपणही हे करू शकतो हे कळावे. मला ही कृती त्यांच्या संगीताइतकीच मोलाची वाटते. म्हणून आमच्या अल्बमच्या कॅसेटच्या आतल्या कागदावर आम्हीही सर्व हिशेब दिला आहे: गिटारच्या तारा, केबल, गाळ्याचे वीजबिल, कोऱ्या कॅसेट, छपाई, आणि पावसाने वाया गेलेल्या दोन रविवारांचे टेम्पोभाडेसुद्धा.