त्यांना ऐकू येतं

मोबाइलवर ह्यांच्या जहाजाचं टिंब अजून ओमानमधल्या सलालाहच्या पुढेच थांबलंय. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी जवळ आली की धोका नको म्हणून एआयएस, म्हणजे जहाज कुठे आहे ते सगळ्यांना कळवत राहणारं यंत्र, बंद ठेवतात, हे निघायच्या आधीच सांगून गेले होते. जहाजावर त्या पट्ट्यात नेटही बंद असतं. तरी सकाळपासून सारखा मोबाइल उघडतेय.

पण डोक्यात घोळतायत ते काल ओमने गच्चीवर दुर्बिणीतून दाखवलेले दोन ठिपके. लुकलुक नाही, आवाज नाही, मधलं अंतर जराही कमीजास्त न होता ईशान्येकडे निघालेले. अमेरिकेचे उपग्रह आहेत म्हणाला, समुद्रावरची जहाजं शोधणारे. साधारण ११०० किलोमीटर वर. १९७६ पासून तीन-तीनच्या गटाने सोडायचे, २००१ पासून जोडीने. सरकार त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाही, पण जगभरचे हौशी लोक आपापल्या गच्चीवरून त्यांच्या वाटा टिपून ठेवतात.

हे फोटो काढत नाहीत, ऐकतात. जहाजाच्या रडारच्या लहरी वरपर्यंत जातात आणि दोघांना किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतात. सेकंदाच्या अगदी बारीक भागाचा फरक, पण त्यावरून जहाजाचा माग लागतो. एआयएस बंद करता येतं, रडार कसं करणार? रात्री समोरून येणारं जहाज दिसायला नको?

म्हणजे ह्यांचं जहाज कुठे आहे ते त्यांना कळत असेल, आणि मला नाही.

रात्रभर तेच. सासूबाईंचं ऑपरेशन, ओमची दहावी, गळकी कौलं, सगळं एकटीने काढलं, कधी बोलले नाही. आणि माझा माणूस आत्ता कुठल्या पाण्यात आहे हे कुणा परक्याच्या पडद्यावर असावं आणि माझ्या हातात थांबलेलं टिंब? ओमला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आई, आपलाही आहे की. एमिसॅट. १ एप्रिल २०१९ ला श्रीहरिकोट्याहून गेला, ४३६ किलोचा. चीनचेही आहेत." त्याला वाटलं, मला बरं वाटेल. मी विचारलं, मग अजून कोणाकोणाला ऐकू येतं रे? तर तो गप्प झाला. मीही पुढे विचारलं नाही.

मग विषय बदलायला त्याने सोव्हिएत रशियाच्या एका जुन्या उपग्रहाचं सांगितलं. तो स्वतःच रडार सोडून जहाजं शोधायचा, त्याला वीज लागायची म्हणून आत अणुभट्टी. २४ जानेवारी १९७८ ला तो कॅनडाच्या बर्फात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे वेचत लोक महिनोन् महिने हिंडले. एरवी मी दहा प्रश्न विचारले असते.

दुपारी भांडी घासताना जरा निवळलं. त्यांना रडार ऐकू येतं. बारा ते चारच्या वॉचला त्या रडारसमोर डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून कोण उभं आहे, ते नाही. गुडघ्याचं मला माहीत आहे, कंपनीलाही सांगितलेलं नाही. आणि काही वेडंवाकडं झालंच तर जहाज कुठे होतं हे निदान कुणाला तरी ठाऊक असेल, हेही मनात आलं. काल ह्याच गोष्टीचा राग आला होता.

जेद्दाह आलं की नेट लागेल. मेसेज टाकून ठेवलाय: पंप दुरुस्त झाला, बाराशे घेतले. गोळ्या संपल्या असतील तर तिथेच घ्या. ओमला दुर्बिणीसाठी तिकाटणं हवंय, मी हो म्हटलंय.