नोंद ७ : मडकं, घमेलं आणि पाव आणा

मंडळी, रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन मामाच्या रानात साडेतीन तास काढले. निफाड तालुका, काळी माती, बाग तोडून मोकळी केलेली जागा. मोकळी म्हणजे वरून. आत मांडवाच्या तारांचे तुकडे इतके, की पहिल्या अर्ध्या तासात कानात नुसती किलबिल.

आधी ग्राउंड बॅलन्सचं, म्हणजे मातीचा आवाज गाळायला यंत्र जुळवण्याचं. आपली जमीन बेसॉल्टची, त्यात लोहखनिज भरपूर, त्यामुळे मातीच बोलते. दर पंधरा-वीस मिनिटांनी कॉइल (यंत्राच्या टोकाची चकती) वर-खाली करून पुन्हा बॅलन्स केलं, सेन्सिटिव्हिटी दोन घर खाली आणली, तेव्हा कुठे मशीन शहाणं झालं. तार ओळखायची खूण आता हाताला बसली आहे: आडवं फिरवून गोड आवाज आला की काटकोनात उभं राहून परत फिरवायचं. सरळ तार तिथेच गप्प होते. वेटोळं झालेली मात्र दोन्हीकडून फसवते, तिला इलाज नाही.

मुख्य प्रयोग मडक्याचा: पुरलेला नाण्यांचा साठा यंत्रात कसा वाजतो ते बघायचं होतं. किराणा दुकानातून पाच रुपयांची पितळी रंगाची दोनशे नाणी सुटी करून आणली, मडक्यात भरून पुरली. सुटं नाणं माझ्या अकरा इंची कॉइलला वीतभर खोलीच्या पुढे ऐकू येत नाही. मडकं हातभर खोल असूनही कळलं, पण आवाज टोकदार नव्हता. पसरट, दबका, दोन पावलांवर रेंगाळणारा. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली, त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. एकेक नाणं दोनेक ग्रॅमचं, म्हणजे सगळी मिळून पंचवीस किलोच्या आसपास. असा साठा यंत्राला एकच गोळा म्हणून दिसतो. आपण मात्र टोकदार आवाजामागे पळत असतो.

हे शिकून अर्धा तास झाला नाही तोच बांधाकडेला तसाच पसरट आवाज लागला. कोपरभर खणलं. सडलेलं घमेलं. मामा बांधावर बसून बघत होता. "पायाळू आहेस का रे? नाहीतर नागोबा देत नाही हो हंडा!" (पायाकडून जन्मलेल्याला गुप्तधन दिसतं, अशी समजूत.)

जाता जाता चार बोटं खोलीवर पाव आणा, म्हणजे ब्रिटिश काळातलं नाणं, मिळाला. १९३९ चा, हिरवा पडलेला. अंगठ्याने माती पुसली तर राजाचं नाक तेवढं दिसलं. घासला नाही, पाण्यात भिजत ठेवलाय.

कुठे शोधायचं नाही आणि धन सापडलं तर काय, असं नवीन सभासदांनी परत विचारलं म्हणून: पांडवलेणी, जुनी गढी किंवा कुठल्याही गावच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या जागेत) मी यंत्र पिशवीतून बाहेर काढत नाही. आणि दहा रुपयांवरचं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, शेत मामाचं असलं तरी.

पुढच्या रविवारी तेच मडकं पुरायचंय, पण या वेळी वर तारांचा गुंता टाकून. नाणी अजून दुकानदाराला परत केलेली नाहीत.