जर्मन पदकपट्टीची पारख: आधी उलटी करून बघा

जर्मन पदकपट्टी, म्हणजे एका सैनिकाची पदकं फितींसह शेजारी-शेजारी शिवलेली छातीवरची पट्टी, हातात आली की पहिल्यांदा ती उलटी करावी. पुढची बाजू विकण्यासाठी असते. रंगीत फिती, आयर्न क्रॉस हे जर्मनांचं प्रसिद्ध युद्धपदक, फितीवर बसवलेले छोटे गरुड, सगळं डोळ्यात भरणारं. खरेपणाचा बहुतेक पुरावा मात्र मागच्या कापडात आणि टाक्यांत असतो.

याचं कारण पदकांवर नाव नसणं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणीतल्या शिपायाचं ब्रिटिश पदक घेतलं, तर त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली सापडते. जर्मन पदकांवर साधारणपणे असं काही नसतं. आयर्न क्रॉस दुसरा वर्ग लाखोंनी दिला गेला. १९३४ साली सुरू झालेला पहिल्या महायुद्धाचा सन्मान क्रॉस, ज्याला संग्राहक हिंडेनबुर्ग क्रॉस म्हणतात, त्याचा तलवारींचा, म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्यांसाठीचा प्रकार एकट्यानेच ६० लाखांहून अधिक लोकांना मिळाला. सुटी खरी पदकं त्यामुळे आजही भरपूर मिळतात. अशी चार खरी पदकं गेल्या वर्षी एका पट्टीवर शिवली, तर पदकं खरी राहतात पण पट्टी खोटी ठरते. बाजारात निव्वळ नकली पदकांपेक्षा हा प्रकार जास्त त्रास देतो.

मागच्या बाजूला काय असायला हवं? आत पातळ पत्र्याची पट्टी किंवा जाड पुठ्ठा, त्यावर लोकरी कापडाचं अस्तर, एका टोकाला बिजागरी असलेली लांब पिन आणि दुसऱ्या टोकाला तिचा हूक. अस्तराचा रंग राखाडी, काळा, गडद निळा, लाल असा कुठलाही असू शकतो, कारण हे काम शिंपी आणि पदकांचे दुकानदार करत आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी होती. रंगावरून निकाल देऊ नका. कडेचे टाके बघा. हाताचे टाके थोडे असमान असतात आणि वर्षानुवर्षं घासून कापडात रुतलेले असतात. पिन वर्षांनुवर्षं टोचली-काढली गेली असेल, तर हुकाच्या आसपासची लव झिजते. अस्तर झिजलेलं आणि दोरा करकरीत असेल, तर पट्टी कधीतरी उसवली गेली आहे. कापडाला कसरीने पाडलेलं भोक आणि त्याच भोकावरून जाणारा अखंड दोरा दिसला, तर तो टाका भोकानंतरचा आहे. याहून स्पष्ट साक्ष क्वचितच मिळते.

मग खोली अंधारी करून ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च लावा. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून वापरली जाणारी चमक देणारी रसायनं युद्धानंतर सर्रास झाली. ती असलेला दोरा निळसर पांढरा लखलखतो. दोरा लखलखला की शंका घ्या, पण लगेच फैसला करू नका. कुणी पट्टी आधुनिक साबणाने धुतली असेल, तर जुना सुती दोराही चमकतो. न चमकणारा दोरा जुनाच असतो असंही नाही, कारण काळ्या किंवा राखाडी रंगाच्या दोऱ्यात ही रसायनं नसू शकतात. दोऱ्याचं सुटं टोक लोंबत असेल, तर दोन-तीन मिलिमीटर कापून चिमट्यात धरून जाळा. सुताची मऊ राख होते, रेशमाचा बोटांत चुरडणारा काळा गोळा उरतो, पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून त्याचा कडक मणी बनतो. पट्टीतला ताणलेला दोरा मात्र कधीही तोडू नका.

यूव्हीच्या बाबतीत एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. २६ जुलै १९५७ च्या पश्चिम जर्मन कायद्याने युद्धातली पदकं स्वस्तिक काढून वापरायला परवानगी मिळाली. १९३९ च्या आयर्न क्रॉसच्या मध्यावर तेव्हा ओकची पानं आली. अनेकांनी आपल्या पट्ट्या त्या वेळी नव्याने शिवून घेतल्या. त्या पट्टीतला चमकणारा दोरा अगदी योग्य आहे. उलट तशा पट्टीवर ऑस्ट्रियाच्या विलीनीकरणाचं किंवा सुडेटनलँडचं पदक असेल, तर ती चूक आहे, कारण त्या पदकांना या कायद्याने परवानगी दिलीच नाही.

फितींची बांधणीही काळजीपूर्वक बघावी. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी ही जुन्या जर्मन साम्राज्यातली राज्यं, आणि बांधणीच्या पद्धतींना त्यांचीच नावं आहेत. प्रशियन पद्धतीत फिती एकमेकींवर चढवून तिरप्या घड्या घालतात आणि पदकाच्या कडीपाशी त्या निमुळत्या होतात. बव्हेरियन पद्धतीत त्या सरळ, शेजारी-शेजारी खाली येतात. ऑस्ट्रियन पदकाची मूळ फीत त्रिकोणी घडीची असते. भिंगातून घडीच्या आत डोकावा. खऱ्या जुन्या पट्टीत वरचा भाग उजेडाने फिका पडलेला आणि घडीतला रंग ताजा राहिलेला असतो. घडीच्या आतही तेवढाच फिकेपणा किंवा पिवळटपणा असेल, तर फीत आधी जुनी करून मग शिवली आहे. चहाच्या पाण्यात बुडवलेली फीत अशीच पकडली जाते. वर्षानुवर्षं लटकलेलं पदक मागच्या कापडावर किंवा शेजारच्या पदकावर घासल्याची खूण सोडतं. क्रॉसच्या जागी गोल पदकाची सावली दिसली, तर पदक बदललं गेलं आहे.

आता पदकांकडे. आयर्न क्रॉस तीन भागांचा असतो: मधला काळा लोखंडी गाभा आणि त्याला दोन्हीकडून धरणारी, कडेला डाग देऊन जोडलेली चांदीसारखी चौकट. पहिल्या महायुद्धातला, १९१४ चा क्रॉस साधारण ४२ मिलिमीटरचा, दुसऱ्यातला, १९३९ चा ४४ चा. कडेवर जोडाची रेघ आणि कानशीची खूण दिसते. एकाच साच्यात ओतलेल्या नकलेत गाभा आणि चौकट यांमधली बारीक फट नसते. लोहचुंबकाला गाभा ओढला गेला पाहिजे, पण काही खऱ्या क्रॉसचा गाभा लोखंडाचा नसतो, तेव्हा फक्त चुंबकावरून फेकून देऊ नका. फितीचे रंगही नीट वाचा. मधोमध लाल आणि कडांना काळा म्हणजे १९३९ चा आयर्न क्रॉस, मधोमध काळा आणि कडांना लाल म्हणजे युद्धसेवा क्रॉस. छायाचित्रावरून खरेदी करताना ही गल्लत फार होते.

क्रम आणि तारखा जुळतात का, हे तपासायला कागद-पेन्सिल पुरते. पट्टीवरचं सगळ्यात नवं पदक तिचं लवकरात लवकरचं वय सांगतं. पूर्व आघाडीच्या हिवाळी लढाईचं पदक २६ मे १९४२ ला सुरू झालं, म्हणजे ते असलेली पट्टी त्याआधी शिवलेली असूच शकत नाही. आयर्न क्रॉस पुढे, दीर्घ सेवेची पदकं नंतर, परदेशी पदकं शेवटी, हा नाझी काळातला सर्वसाधारण क्रम. १९१८ पूर्वीच्या बव्हेरियन किंवा सॅक्सन माणसाच्या पट्टीवर त्याच्या राज्याचा सन्मान अनेकदा पहिला असतो, तिथे त्याला चूक समजू नये. पहिल्या वर्गाचा आयर्न क्रॉस आणि जखमींचा बिल्ला छातीवर पिनने लागतात, पट्टीवर लटकत नाहीत. माझा सगळ्यात आवडता नियम मात्र हा: १९१४ चा दुसरा वर्ग ज्याच्याकडे होता, त्याला १९३९ साली दुसरा क्रॉस मिळत नसे, जुन्या फितीवर लावायची १९३९ ची क्लॅस्प, म्हणजे ते साल असलेला धातूचा छोटा गरुड, मिळे. एकाच पट्टीवर १९१४ आणि १९३९ चे दोन्ही क्रॉस शेजारी लटकत असतील, तर ती पट्टी खाली ठेवावी.

खरा पैसा जातो तो होहेनझोलर्न हाउस ऑर्डरसारख्या, म्हणजे प्रशियाच्या राजघराण्याच्या, वरच्या सन्मानावर. त्याचा तलवारींसह नाइट्स क्रॉस असलेल्या पट्टीची किंमत बाकी सगळ्या पदकांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होते. म्हणून जुनी खरी पट्टी घेऊन तिच्यावरचं साधं पदक काढायचं आणि तिथे हा क्रॉस, तोही कधीकधी नकली, लावायचा, हा धंदा चालतो. तेव्हा नजर फक्त त्या एका कडीवर ठेवा. फितीत सुईची रिकामी भोकं उरली आहेत का, कडी उघडून पुन्हा मिटल्याचा ओरखडा आहे का, तिथला दोरा शेजारच्या दोऱ्याहून जाडीने किंवा पिळाने वेगळा आहे का. त्या क्रॉसची फीतही शेजारच्या फितींइतकीच फिकी आणि तेवढीच मळलेली असायला हवी.

जर्मनीत नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवण्यावर बंधन असल्याने तिथले लिलावदार छायाचित्रात स्वस्तिक झाकतात. पुढच्या फोटोतले नेमके तपशील त्यामुळे हरवतात. मागच्या बाजूचा, दोन्ही टोकांचा आणि प्रत्येक कडीचा जवळून घेतलेला फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

घेतल्यावर चकाकवू नका, धुवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, लोखंडी गाभा काळ्या रंगाखालून गंजतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती बदलत राहा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेलं पदक चिकट होतं आणि त्यावर हिरवा थर चढतो.

पट्टी कुणाची होती, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. उत्तर मिळेल की नाही हे बरंचसं ती कुठल्या राज्याची आहे यावर अवलंबून असतं. एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पोट्सडामचं लष्करी दप्तर बहुतांश जळालं, प्रशियन सैनिकांच्या नोंदी तिथेच होत्या. बव्हेरियाच्या नोंदी म्युनिकच्या युद्ध अभिलेखागारात राहिल्या. म्हणून बव्हेरियन लष्करी गुणवत्ता सन्मान असलेली, पदकांचा दुर्मीळ संच असलेली पट्टी मिळाली, तर पदकांचा क्रम लिहून काढा आणि त्या काळच्या अधिकारी-याद्यांत तोच संच शोधा. चार-पाच पदकांचा तोच संच यादीत फार थोड्यांकडे सापडतो. कधी शोध एकाच नावापाशी थांबतो.